'या' म्हटलं आणि बस आली

फोनसमोर मी पहिल्यांदा बसले ती सूनबाई तैवानला जाऊ नये म्हणून. पुढं जे घडलं त्यात माझा दोष एवढाच, की माझ्या आईनं मला चांगलं वळण लावलं होतं. बाकी ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सगळ्यांचे उपकार मला मानायचे आहेत आणि ते मी नावानिशी मानणार आहे. कोणाला आपलं नाव वाचून राग आला तर तो त्याचा स्वभाव.

सून म्हणजे वेनिंग. माझ्या एकुलत्या एका मुलाची, प्राप्तोची बायको. सात वर्षं झाली घरात येऊन. प्राप्तो रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, नवं झालं नाही, तेव्हापासून तो मोटरसायकलवर मागं बसवून लोकांना सोडतो. आमच्या मादियूनमध्ये ज्याला कुठं जायचं असतं त्याच्याकडं स्वतःची मोटरसायकल असते, त्यामुळं प्राप्तो बहुतेक वेळा स्वतःलाच सोडत असतो.

एके दिवशी जेवताना वेनिंगनं सांगितलं, की तिनं एजंटाकडं अर्ज भरलाय. तैवानात एका म्हाताऱ्याची शुश्रूषा. तीन वर्षं. दोन महिन्यांनी, सतरा तारखेला, प्रशिक्षणाच्या वसतिगृहात हजर व्हायचं. माझी नात लारास पाच वर्षांची. ती म्हणाली, "आजी, तैवान बाजाराच्या पुढं आहे का?"

मी म्हटलं, "थोडं पुढं."

आमच्या जावा बेटावर मनातलं तसंच्या तसं तोंडावर म्हणणं म्हणजे चारचौघांत पाय पसरून बसण्यासारखं. मी वेनिंगला एवढंच म्हटलं, "तिकडं भाजी महाग असेल." शहाण्या माणसाला याच्यावरून सगळं कळायला हवं.

"असेल, इबू," ती म्हणाली, आणि भात वाढून घेतला. आईला आम्ही इबू म्हणतो. सासूलाही तेच म्हणावं लागतं, इलाज नसतो.

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "इबू, तुमची चटणी फोनवर विकून बघू या का? चालली तर..."

'चालली तर'च्या पुढचं तिनं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या अर्ध्या वाक्यावर मी माझी इज्जत पणाला लावली.

चटणीबद्दल थोडं. पेचेलची चटणी सगळ्या मादियूनला येते. भाजलेले शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, कचोरा, चिंच, ताडगूळ आणि लिंबाची पानं उखळात कुटायची, वडी थापायची. खाणाऱ्यानं ती गरम पाण्यात कालवून उकडलेल्या पालेभाजीवर ओतायची. प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी करतं. त्या सगळ्या बायकांबद्दल मला आदर आहे. जिला जसं जमतं तसं तिनं करावं. मी बाजारात एकतीस वर्षं विकते आहे आणि आजवर माझ्या चटणीला कोणी नाव ठेवलेलं नाही. ठेवलं असेल तर माझ्या पाठीमागं, आणि तेही दूर जाऊन.

बातमी गल्लीत पसरायला अर्धा दिवस लागला. पहिली आली शेजारची बु तितिक. बु म्हणजे इबूच, नावाआधी लावताना आखूड केलेलं. तिचे उपकार पहिल्यांदा. तिनं मला सलग दोन तास सल्ला दिला आणि त्या दोन तासांत तिनं माझ्याकडून साखर मागून नेली नाही.

"नाचावं लागतं गं," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतली टोफूवाली रोज नाचते. केवढे लोक बघतात!"

"तिचा टोफू खाल्लायस?"

"हो."

"मग नाचण्याशिवाय ती दुसरं काय करणार?"

नाच बारगळला. मग आले पाक सुबेनो, आमच्या गल्लीचे प्रमुख. बाईला बु, तसं बाप्याला पाक. नगरपालिकेनं त्यांना पगार दिलेला नाही, रबरी शिक्का दिलेला आहे. त्यांना तेवढं पुरतं. ते म्हणाले, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसायला एखादा प्रतिष्ठित पुरुष चेहरा हवा, आणि केस रंगवून आले. पहिल्या चित्रफितीत ते माझ्यामागं उभे होते. खाली कोणीतरी लिहिलं, 'मागचा माणूस कशाला पहारा देतोय, चटणी चोरीची आहे का?' पाक सुबेनो पुन्हा आले नाहीत. पण घरगुती खाद्यपदार्थाचा परवाना काढायला लागेल हे त्यांनीच सांगितलं, म्हणून त्यांचेही उपकार.

परवान्याच्या अर्जात एक रकाना होता: 'यंत्राची क्षमता.' माझ्याकडं यंत्र कुठलं, उखळ आहे. वेनिंगनं लिहिलं, 'उखळ एक, बायका दोन.' अर्ज परत आला. तिनं लिहिलं, 'लागू नाही.' परत आला. तिसऱ्यांदा मी स्वतः कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईला म्हटलं, "लिही, अर्धा अश्व." तिनं विचारलं, "अर्धाच?" मी म्हटलं, "सूनबाई वाळकी आहे." अर्ज पास झाला. त्या बाईचं भलं होवो, तिला हसू आवरत नव्हतं तरी तिनं शिक्का सरळ मारला.

आता माझ्या अभिनयाबद्दल. वेनिंगनं फोन पालथ्या पातेल्यावर उभा केला आणि समोर गोल दिवा लावला. माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांत तो दिवा दिसे. बु तितिक म्हणाली, मी घुबडासारखी दिसते. पण विद्वान घुबडासारखी.

"इबू, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडायचा," वेनिंग म्हणाली. "नाही पकडला तर तो अंगठ्यानं वर ढकलून देतो."

"कोणाला?"

"तुम्हाला."

एकसष्ट वर्षांच्या बाईला अंगठ्यानं ढकलतात! तरी मी बसले. सलाम केला. लोकांचा वेळ घेते म्हणून क्षमा मागितली. थोरांना नमस्कार सांगितला, ज्यांच्या घरी आजारपण असेल त्यांना आराम पडो म्हटलं, आणि मी बसून बोलते आहे याबद्दल पुन्हा एकदा क्षमा मागितली. चटणीचं नाव निघालं तेव्हा चार मिनिटं झाली होती आणि बघणारे तीन जण उरले होते. एक बु तितिक, एक परसात बसलेला प्राप्तो. तिसरा कोणी मकासारचा खलाशी होता.

मग मी चटणीची ओळख करून दिली. रीतीप्रमाणे म्हटलं, "फार काही खास नाही हो. गरिबाघरची आहे. चव नसेल तर पोटात घाला." जावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल, की असं म्हणणाऱ्या बाईला स्वतःच्या चटणीचा किती गर्व आहे. खलाशानं लिहिलं, 'मग विकता कशाला?'

एक आठवडा माझ्या तोंडात घास गेला नाही. गेला, पण आवडीनं गेला नाही.

त्यानंतर वेनिंगनं असं ठरवलं, की फोनवर नावाजलेल्या एका पोरीला चटणी फुकट पाठवायची. ती आपल्या चाहत्यांसमोर खाणार आणि वाहवा करणार. पोरगी देखणी होती, नखं बोटभर. आम्ही केळीच्या पानात गुंडाळून दोन वड्या पाठवल्या. तिनं पुडकं उघडलं, 'अय्या, किती गोड पॅकिंग!' म्हणाली, आणि आख्खी वडी चॉकलेटसारखी चावली. पाणी नाही, भाजी नाही, काही नाही. ती माझी तिखट वडी होती. पुढं पोरीचा जो रंग बदलला तो गोल दिव्यातही लपला नाही. ती खुर्चीवरून उठली, फोन पडला, आणि त्यानंतर बघणाऱ्यांना बराच वेळ फक्त छत दिसलं आणि कुठून तरी दुधासाठी मारलेल्या हाका ऐकू आल्या.

तिचे मात्र मनापासून आभार. बरी झाल्यावर तिनं तक्रार केली नाही. उलट लिहिलं, 'चटणी अस्सल आहे, मूर्ख मी आहे.' एवढं कबूल करणारं माणूस मला बाजारात एकतीस वर्षांत भेटलं नव्हतं.

तोवर एक महिना गेला होता आणि विकल्या गेलेल्या वड्या हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. वेनिंग काही बोलत नव्हती. पण तिनं लारासला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवायला घेतलं. ते मी चुलीपाशी बसून बघत होते आणि माझं दूध उतू गेलं.

मग नगरपालिकेच्या सभागृहात घरगुती धंदेवाल्यांसाठी मोफत प्रशिक्षण झालं. पांढरे बूट घातलेल्या एका बाईनं आम्हाला शिकवलं. रोज एकाच वेळेला दिसा. आपली गोष्ट सांगा. पत्ता लिहा, पत्त्यानं विश्वास बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "शेवटी लोकांना स्पष्ट सांगा, की त्यांनी काय करायचं. लाजू नका. सांगितल्याशिवाय कोणी काही करत नाही."

मी घरी येऊन विचार केला. काय सांगायचं? 'विकत घ्या' म्हणायचं? अनोळखी माणसासमोर हात पसरायचा? मी विकते, भीक मागत नाही. मग निरोप घेताना सभ्य बाई जे म्हणते तेच म्हणायचं ठरवलं. आमच्या दारावरून कोणी गेलं की आम्ही म्हणतो, "या ना, जेवून जा." जाणाऱ्यानं म्हणायचं असतं, "आत्ताच जेवले हो, पुन्हा येईन कधीतरी," आणि चालायला लागायचं असतं. जन्मभर मी असं दिवसातून वीस वेळा म्हणत आले. कोणी थांबलेलं नाही. कोणी थांबलं असतं तर मला घाम फुटला असता.

त्याच दिवशी सुराबायाच्या एकानं थेट प्रक्षेपणात लिहिलं, 'बु, एवढी महाग? इकडं अर्ध्या किमतीत मिळते.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. क्षमा नाही, नमस्कार नाही, मी सरळ म्हटलं, "अर्ध्या किमतीत मिळते त्यात अर्धा मैदा असतो. तुझ्या आईनं तुला अर्धाच जन्म दिला का? सकाळपासून जेवलेला दिसत नाहीस, म्हणून चिडचिड होतेय. ये घरी. हा पत्ता. बस, जेव, पोट भरलं की मग भाव कर. तुम्ही पण या सगळे. जेवल्याशिवाय जायचं नाही."

वेनिंगनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, धंदा बुडवला. पण सकाळपर्यंत ते दोन लाख लोकांनी बघितलं होतं. कोणी अंगठ्यानं ढकललं नाही. लोकांना आपल्या आईची आठवण झाली म्हणे. काय आया असतील एकेकाच्या! मागण्या येऊ लागल्या, उखळ दिवसभर चालू लागलं, आणि सुराबायाच्या एका मोठ्या दुकानदारानं ऐंशी किलोची मागणी दिली. आवडली तर दर महिन्याला घेईन म्हणाला. बारा तारखेला दुपारी त्याची गाडी येणार होती. वेनिंग हिशेबाला पक्की, ती म्हणाली, "इबू, हा टिकला तर..." आणि पुन्हा तिथंच थांबली. मी उखळात मुसळ असं हाणलं, की पाक सुबेनो बाहेर येऊन बघून गेले.

आणि मग लोक घरी यायला लागले.

पहिलं एक नवं जोडपं, बांदुंगहून, बॅगेसकट. दारात उभं राहून म्हणालं, "आलो." मी म्हटलं, "कुठं?" नंतर तो मकासारचा खलाशी. तीनदा भात घेतला, पानाचा द्रोण चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाला, "आता कळलं कशाला विकता." त्याला मी चौथ्यांदा वाढलं. एवढं ठीक होतं.

दहा तारखेला सकाळी गल्लीच्या तोंडाशी बस आली.

बसमध्ये मेदानच्या बेचाळीस बायका होत्या. सुमात्राच्या बाताक लोकांतल्या, चर्चच्या गायनवृंदातल्या. सोलो शहरात स्पर्धेत गाऊन सुराबायाच्या विमानतळाकडं निघालेल्या. पुढं इनांग रोसिंता. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला इनांग म्हणतात. उंच, रुंद, आवाज असा की आमची कोंबडी अंड्यावरून उठली.

"बु वारसिनी! तुम्ही बोलावलंत, आम्ही आलो!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोलावलं म्हणून कोणी येतं का? पण दारात आलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी म्हटलं, "या, या, घर आपलंच आहे." त्या बेचाळीसच्या बेचाळीस आत आल्या. खरंच आपलंच असल्यासारख्या.

जेवून दुपारी जातील अशी माझी समजूत होती. ड्रायव्हरनं सावलीसाठी बस जरा मागं घेतली आणि मागचं चाक गटारात गेलं. क्रेन शहरात एकच. ती उद्या सकाळी मिळणार होती. तोवर विमान निघून जाणार होतं. इनांग रोसिंतानं फोनवर तिकिटं बदलली, पायातल्या चपला काढल्या आणि विचारलं, "कांदे कुठं आहेत?"

पाक सुबेनो वही घेऊन धावत आले. आमच्या गल्लीत मुक्कामाला पाहुणा आला की चोवीस तासांत नोंद करावी लागते. ओळखपत्राची नक्कल, येण्याचं कारण आणि यजमानाशी नातं.

"नातं काय लिहू?" ते म्हणाले.

"बहीण," इनांग रोसिंता म्हणाली.

"सगळ्यांचं?"

"मग काय, अर्ध्यांचं?"

पाक सुबेनो माझ्याकडं वळले. "बु वारसिनी, तुम्हाला बेचाळीस बहिणी आहेत?"

"माझ्या वडिलांना विचारा," मी म्हटलं. "ते वर आहेत. वही घेऊन जा."

त्यांनी बिचाऱ्यांनी बेचाळीस वेळा 'बहीण' लिहिलं. हात दुखला तेव्हा डाव्या हातानं लिहिलं. त्यांचे उपकार मी आधी मानलेत, पुन्हा मानते.

आणि गल्ली! बु तितिकनं अकरा बायका झोपायला नेल्या, आणि दोन पातेली भात आणला, वर माझ्याकडून नेलेली साखर परत आणली, चार वर्षांची. टोफूवालीनं टोफू पाठवला. चांगला होता, मी तिला तसं सांगितलं नाही, पण इथं लिहिते. संध्याकाळी त्या बायका अंगणात उभ्या राहून गायल्या. भाषा आम्हाला कळली नाही. प्राप्तो मोटरसायकल बंद करून दारातच उभा राहिला. वेनिंग मात्र सकाळपासून बसली नव्हती. पाणी, पानं, चटया, कोणाला औषध हवंय, कोणाला प्रार्थनेला शांत कोपरा. कोण काय मागतंय हे मागण्याआधी तिला कळत होतं.

इनांग रोसिंता माझ्याशेजारी बसून शेंगा निवडत होती. म्हणाली, "सून भारी आहे तुमची."

"ठीक आहे," मी म्हटलं. आमच्यात कौतुक असंच करतात.

"ती सांगत होती, सतराला चाललीय. तुम्ही तिला राहा म्हणालात का?"

"असं कसं म्हणायचं?"

"तोंडानं."

ती शेंगा निवडायची थांबली. "बु, आमचं नाव-गाव माहीत नसताना आम्हाला बोलावलंत. दोन लाख लोकांना बोलावलंत. हिला नाही?"

मला असं दुसरं कोणी माझ्या अंगणात बोललं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं. पण तिची बस गटारात होती.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. निघताना इनांग रोसिंतानं हातमागाचं लाल-काळं कापड काढलं. त्यांच्याकडं आशीर्वाद म्हणून खांद्यावर घालतात. तिनं ते माझ्या आणि वेनिंगच्या खांद्यांवरून एकच घातलं, आणि दोघींना त्यात घट्ट गुंडाळलं. वेनिंग उंच, मी बुटकी. माझं डोकं तिच्या खांद्याशी. सात वर्षांत आम्ही एवढ्या जवळ उभ्या राहिलो नव्हतो. तिच्या अंगाला लिंबाच्या पानांचा वास होता. माझाच असेल म्हणा.

पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवणं मला कसं जमणार? मी प्रत्येकीच्या हातात वड्या दिल्या. भरपूर दिल्या. त्या पैसे काढायला लागल्या. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "छे छे, राहू द्या!" यावर समोरच्यानं आग्रह करायचा असतो. मी पुन्हा नको म्हणते, तो पैसे कपाटावर ठेवतो, मी रागावल्याचं दाखवते. लहान पोरालाही ठाऊक असतं. इनांग रोसिंता म्हणाली, "देव तुम्हाला खूप देवो!" आणि पाकीट बंद केलं. बेचाळीस पाकिटं पटापट बंद झाली. बस निघाली. त्या खिडक्यांतून वळण येईपर्यंत हात हलवत होत्या, आणि मीही हलवत होते, कारण हलवायला हातच उरले होते. ऐंशी किलोच्या टोपल्या रिकाम्या होत्या.

बाराला दुकानदाराची गाडी आली. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "बु, तुम्ही फार चांगल्या आहात," आणि मागणी रद्द केली.

वेनिंग एवढंच म्हणाली, "ठीक आहे, इबू." त्या दिवशी तिनं बॅग खाली काढली.

तेरा तारखेला मी म्हटलं, "तैवानात थंडी असते म्हणे."

"स्वेटर घेतलाय, इबू."

चौदाला म्हटलं, "परक्या म्हाताऱ्यांचे स्वभाव विचित्र असतात."

"सवय आहे, इबू," ती म्हणाली, आणि मग घाईनं म्हणाली, "म्हणजे, होईल."

पंधराला दुपारी ती पाट्याशी बसून लसूण सोलत होती. मी दारात उभी. मला वाटलं, एखादं वाक्य सापडेल, भाजीबद्दल, पावसाबद्दल, लारासच्या खोकल्याबद्दल. एकही सापडलं नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "जाऊ नकोस."

तिच्या हातातली पाकळी पडली. "इबू, बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय. जाऊ नकोस. चटणी चालो नाही तर बुडो. तू या घरात हवीस. मला हवीस. हे मी रीत म्हणून म्हणत नाहीये."

ती रडली. मी म्हटलं, लसणानं होतं असं. लसणानं होत नाही हे मला माहीत आहे, पण एका दिवसात किती उद्धटपणा करणार?

पुढं मेदानहून मागण्या आल्या. तिकडं राहणाऱ्या कोणा जावातल्या माणसानं इनांग रोसिंताला 'राहू द्या'चा अर्थ समजावून सांगितला, आणि तिनं बेचाळीस जणींना कामाला लावलं. रोज एक जणी फोनसमोर चटणी खाते आणि आमचं नाव घेते. त्यावर कोणी श्रीमंत होत नाही. पण उखळ थांबत नाही, आणि प्राप्तोला टपालात पुडकी पोचवायचं काम मिळालं, म्हणजे त्याच्या मागं निदान काहीतरी बसतं. त्या बायकांचे उपकार मी कसे मानू? पण हे सगळं नंतरचं. त्या पंधरा तारखेला यातलं काही आलेलं नव्हतं, आणि वेनिंगनं बॅग तरीही वर ठेवली. हे तिच्याबद्दल मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

सोळाला आम्ही दोघी एजंटाच्या कचेरीत गेलो. अर्ज मागं घ्यायचा तर आणखी एक अर्ज. त्यात कारणांची यादी: आजार, लग्न, गरोदरपण, मृत्यू, इतर. वेनिंगनं 'इतर'पुढं खूण केली आणि खालच्या ओळीवर काहीतरी लिहिलं. मी चार यत्ता शिकलेली. वाचते, पण अक्षर अक्षर जुळवून. माझ्याआधी खिडकीतल्या तरुणानं वाचलं.

"'सासूबाई राहा म्हणाल्या,'" त्यानं मोठ्यानं वाचलं आणि वर बघितलं. "एवढंच कारण?"

"एवढंच," मी म्हटलं. "पण ते तोंडातून निघायला सात वर्षं लागलीत बाळा. मार शिक्का."